छपरावरची वीज आणि अनुदानाचा हिशेब

ऊन हे फुकटचे धन आहे. ते सावकाराकडे गहाण पडत नाही, त्यावर सारा भरावा लागत नाही, आणि आपल्या मुलखात तर वर्षाचे आठ महिने ते नकोसे होण्याइतके मिळते. मग या फुकटच्या उन्हापासून वीज करण्यासाठी सरकारला लोकांच्या हाती पैसे का ठेवावे लागतात, असा प्रश्न कोणाही समंजस माणसाच्या मनात येईल. गोष्ट फायद्याची असेल तर लोक ती आपणहून करतील. आणि फायद्याची नसेल तर सरकारने तरी तीत पैसा का घालावा? आज आपण या प्रश्नाचा विचार करू. त्यातूनच दुसरा, आपल्या घरगुती उपयोगाचा प्रश्न निघतो. हे अनुदान कोणी घ्यावे, केवढ्या संचासाठी घ्यावे, आणि घेण्यापूर्वी कोणता हिशेब मांडावा?

शेतकऱ्याला समजेल असे एक उदाहरण घेऊ. तेलावर चालणारे इंजिन घेताना पैसे बेताचे लागतात, पण ते रोज तेल मागते. विहिरीचे याच्या उलट आहे. विहीर खणताना घरचे सोने मोडावे लागते; पण एकदा पाणी लागले की ती पिढ्यान् पिढ्या पुरते. फायद्याची असूनही विहीर सर्वांना खणता येत नाही, कारण फायदा हळूहळू मिळतो आणि खर्च मात्र एकदम करावा लागतो. म्हणूनच विहिरीसाठी पूर्वीपासून तगाई दिली जात आली. सौर पॅनेल ही छपरावरची विहीरच समजा. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांच्या विजेचे पैसे पहिल्याच दिवशी मोजावे लागतात. अनुदानाचे पहिले काम हे, की या पहिल्या दिवसाचे ओझे थोडे हलके करणे.

दुसरे काम जरा दूरचे आहे. सिलिकॉनचा उपयोगी सौर घट १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तयार झाला. त्याच्यावर पडणाऱ्या उन्हाच्या शंभर भागांपैकी जेमतेम सहा भागांची वीज होत असे, आणि किंमत इतकी, की १९५८ च्या व्हॅन्गार्ड उपग्रहासारख्या ठिकाणीच तो परवडावा. घरांच्या छपरावर तो आणावयाचा तर तो स्वस्त झाला पाहिजे. स्वस्त व्हावयाचा तर पुष्कळ खपला पाहिजे. आणि महाग असताना तो घेणार कोण? हा पेच जपान व जर्मनी यांनी सोडवावयास घेतला. जपानने १९९४ साली घरांच्या छपरांसाठी अनुदान सुरू केले, आणि किमती उतरू लागल्या तसतसे ते कमी करीत नेले. जर्मनीने १९९० साली एक हजार छपरांची आणि १९९९ साली एक लाख छपरांची योजना काढली. शिवाय २००० साली कायदा करून छपरावरच्या विजेला वीस वर्षे ठरलेला भाव मिळेल अशी हमी दिली. मागणी वाढली, मग चीनमध्ये मोठमोठे कारखाने निघाले आणि किमती कोसळल्या. आज बाजारात मिळणारे चांगले पॅनेल उन्हाच्या शंभर भागांपैकी वीसाहून अधिक भागांची वीज करते. तिकडच्या लोकांनी जास्त पैसे मोजून लावलेल्या झाडाची फळे आज आपण खातो आहोत, असे म्हटले तरी चालेल.

आता आपल्या देशाकडे वळू. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना सुरू झाली. एक कोटी घरांवर सौर संच बसवावेत हा तिचा संकल्प, त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद, आणि मुदत २०२६-२७ अखेरपर्यंतची. घरगुती ग्राहकासाठी अनुदानाचा नियम असा: पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॉटला १८,००० रुपये, आणि त्यापुढे काही नाही. म्हणजे एक किलोवॉटला ३०,०००, दोनला ६०,०००, तीनला ७८,०००. आणि दहा किलोवॉटचा संच बसवला तरी ७८,०००च.

ही उतरंड मुद्दाम केलेली आहे. तिचा अर्थ असा, की सरकारला लहान घराला हात द्यावयाचा आहे, बंगलेवाल्याला नव्हे. आपल्यालाही तीतून एक इशारा मिळतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते. आणि येथले अंथरूण म्हणजे आपले वीजबिल.

ते कसे मोजावयाचे ते पाहा. आपल्याकडे एक किलोवॉटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट वीज देतो. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. पण महिन्याला सुमारे शंभर ते सव्वाशे युनिट धरावयास हरकत नाही. त्यासाठी सावली नसलेली शंभरेक चौरस फूट जागा लागते. ज्या घरात महिन्याला दोनशे युनिट जळतात त्याला दोन किलोवॉट पुरतात. दिवसा जास्तीची झालेली वीज तारेवाटे महावितरणकडे जाते, रात्री आपण तिकडून घेतो, आणि नेट मीटर दोन्हींची वजाबाकी करतो. एका महिन्यात उरलेले युनिट पुढच्या महिन्यांत वळते होतात. मात्र वर्षअखेर जे शिल्लक राहतात त्यांना मिळणारा भाव आपण मोजतो त्या भावापेक्षा कमी असतो. तेव्हा मोठा संच बसवून वीज विकू आणि बसून खाऊ, असा बेत कोणी करू नये.

आता प्रत्यक्ष आकडे घालून पाहू. हे आकडे नमुन्याचे आहेत. आपण त्यांच्या जागी आपापले घालावेत. समजा, तालुक्याच्या गावी एका शिक्षकाचे घर आहे, दरमहा दोनशे युनिट जळतात, आणि सगळे आकार धरून युनिट सरासरी आठ रुपयांना पडते. दोन किलोवॉटच्या संचाला विक्रेत्याने १,३०,००० रुपये सांगितले. अनुदान ६०,०००. खिशातून गेले ७०,०००. महिन्याला वाचले १,६००. सत्तर हजाराला सोळाशेने भागा: चव्वेचाळीस महिने. म्हणजे पावणेचार वर्षांच्या आत मुद्दल वसूल, आणि पुढची वीस वर्षे बहुतेक फायद्याची. अनुदान नसते तर याच कामाला पावणेसात वर्षे लागली असती. तीही वाईट नव्हेत, पण सामान्य माणसाचा धीर तेवढा टिकत नाही. अनुदानाने सौदा नवा निर्माण केला नाही. असलेला सौदा जवळ आणला.

पण आता दुसरे घर घ्या. एका मजुराचे. दोन दिवे, एक पंखा, एक टीव्ही. महिन्याला पन्नास युनिट. कमी वापराला दरही कमी असतो. युनिटला पाच रुपये धरले तर महिन्याचे झाले अडीचशे. एक किलोवॉटचा संच बाजारात ६५,००० ला मिळाला, ३०,००० अनुदान आले, तरी ३५,००० उरले. त्याला अडीचशेने भागा: एकशे चाळीस महिने, म्हणजे पावणेबारा वर्षे! अनुदान दोघांनाही आहे, नियम एकच आहे. पण एकाला चार वर्षांत फळ आणि दुसऱ्याला बारा वर्षांत. शिवाय त्या मजुराजवळ पस्तीस हजार असतील कोठून?

श्रोतेहो, अनुदानाच्या सगळ्या योजनांतला नाजूक भाग हा आहे. ज्याच्या मालकीचे पक्के छप्पर आहे, ज्याच्या गाठीला चार पैसे आहेत आणि ज्याचे बिल मोठे आहे, त्याच्यापर्यंत अनुदान आपणहून चालत जाते. ज्याचे घर पत्र्याचे किंवा कुडाचे आहे, जो भाड्याने राहतो, त्याच्या दारावरून ते पुढे जाते. ही उणीव ध्यानात घेऊन महाराष्ट्र शासनाने २०२५ साली महिन्याला शंभर युनिटांच्या आत वापर असणाऱ्या घरांसाठी आणखी पैसे घालण्याचे ठरवले. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला एका किलोवॉटसाठी केंद्राचे ३०,००० आणि त्यावर राज्याचे १७,५०० रुपये. सरकारी हिशेबाप्रमाणे त्या संचाची किंमत ५०,००० धरली, तर कुटुंबाने भरावयाचे राहिले २,५००. आता पुन्हा अडीचशेने भागा: दहा महिने! जे बारा वर्षांत जमत नव्हते ते वर्षाच्या आत जमले. नुसते अनुदान देणे आणि ज्याला गरज आहे त्याच्या मापाचे अनुदान देणे, यांतले अंतर या एका भागाकारात दिसते. आपल्या गावात अशी घरे किती आहेत हे ग्रामपंचायतीला ठाऊक असते. त्यांची यादी करणे आणि अर्ज भरून देणे हे काम गावाने अंगावर घ्यावे. पंतप्रधान योजनेतच स्थानिक संस्थांना त्यांच्या हद्दीत बसलेल्या प्रत्येक संचामागे १,००० रुपये देण्याची तरतूद आहे; शिवाय प्रत्येक जिल्ह्यात एक आदर्श सौर ग्राम निवडून त्याला एक कोटी रुपये मिळावयाचे आहेत. गावाने मनावर घेतले म्हणजे काय होते, हे सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात मान्याचीवाडीने दाखवून दिले आहे. राज्यातले पहिले सौरग्राम म्हणून २०२४ साली तिचे नाव झाले.

आता दुकानदार, पिठाची गिरणी, दूध संकलन केंद्र, लहान कारखाना यांचे पाहू. यांना वर सांगितलेले घरगुती अनुदान नाही. पण त्यांच्या विजेचा दर घरगुती दरापेक्षा चढा असतो, आणि त्यांचे काम दिवसा, म्हणजे ऊन असतानाच चालते. गिरणी दुपारी चालली की वीज छपरावरून थेट जात्याला! त्यांच्यासाठी सवलत आहे ती आयकरात. सौर संचावर वर्षाला चाळीस टक्के घसारा धरू देण्याचा नियम २०१७ पासूनचा आहे. त्यापूर्वी तो ऐंशी टक्के होता. याचा अर्थ नीट समजून घ्या. चार लाखांचा संच घेतला तर पहिल्या वर्षी एक लाख साठ हजार रुपये उत्पन्नातून वजा होतात. ते हातात मिळत नाहीत. कराचा दर तीस टक्के असेल तर प्रत्यक्ष वाचणारी रक्कम ४८,००० आहे. संच वर्षातून १८० दिवसांहून कमी वापरला असेल तर त्या वर्षी हा घसारा निम्माच मिळतो. आणि जो करच भरत नाही, ज्याच्याकडे वह्या नाहीत, त्याला या सवलतीचा काडीचा उपयोग नाही. सर्वांना सारखी मिळणारी एक सवलत मात्र झाली आहे: सौर उपकरणांवरचा वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. आपल्या विक्रेत्याचा दर त्यानंतर उतरला की नाही, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

शेतकरी म्हणेल, घराचे नि दुकानाचे झाले, माझ्या मळ्याचे काय? राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी वीज मोफत केली आहे. मग सौर पंप कशाला? तर मोफत वीज पुष्कळदा रात्री येते, आणि रात्रीच्या पाण्यावर साप आहे, बिबट्या आहे, थंडीचा कडाका आहे. सौर पंप दिवसा चालतो. राज्याच्या मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के भरावयाचे असतात. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यावर साडेसात अश्वशक्ती, असे माप आहे. येथला फायदा रुपयांत मोजण्यापेक्षा झोपेत मोजावा, बरं का!

अनुदान काय करते ते झाले. आता ते काय करीत नाही, ते चार गोष्टींत सांगतो.

पहिली गोष्ट. घरावरचा साधा, तारेला जोडलेला संच लाईट गेली की बंद पडतो. डोक्यावर कडक ऊन असले तरी बंद पडतो! पुष्कळांना हे बसवल्यावर कळते आणि आपण फसलो असे वाटते. पण यात फसवणूक नाही. लाईट गेलेली असताना आपल्या छपरावरची वीज तारेत शिरली, तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवाला धोका होईल, म्हणून संच आपोआप थांबतो. भारनियमनात दिवे हवे असतील तर बॅटरीचा खर्च वेगळा धरावा लागतो.

दुसरी गोष्ट. अनुदान आधी मिळत नाही. आधी राष्ट्रीय संकेतस्थळावर ग्राहक क्रमांक घालून नोंदणी, मग नोंदलेल्या विक्रेत्याकडून देशी बनावटीच्या घटांचा संच, मग नेट मीटर, मग तपासणी, आणि शेवटी पैसे आपल्या बँक खात्यात. तोपर्यंतची सोय आपली. त्यासाठी बँकांकडून लहान संचाला तारणाशिवाय कर्ज मिळण्याची तजवीज आहे. पण कर्जाचे व्याज आपल्या भागाकारात धरावयास विसरू नका. आणि अनुदान मंजूर करून देतो, एवढे पैसे द्या, असे म्हणणारा कोणी दारी आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

तिसरी गोष्ट फार साधी, पण खेड्यात सर्वांत जास्त अडते ती हीच. वीजमीटर कोणाच्या नावावर आहे? आजोबांना जाऊन बारा वर्षे झाली, पण मीटर अजून त्यांच्याच नावावर. घर तीन भावांत वाटलेले आणि गच्ची सामाईक. अर्जदाराचे, मीटरचे आणि बँक खात्याचे नाव जुळले नाही की अर्ज अडकतो. तेव्हा सौर पॅनेलची पहिली पायरी छपरावर नसून महावितरणच्या कचेरीत, नावबदलाच्या अर्जात आहे.

चौथी गोष्ट निगराणीची. आपल्या खेड्यांतून १९८० नंतरच्या काळात अनुदानावर गोबरगॅसची पुष्कळ संयंत्रे झाली. ज्या घरी जनावरे होती आणि बाईला चुलीच्या धुराचा खरा जाच होता, तेथे ती चालली. जेथे केवळ अनुदान मिळते म्हणून खड्डा खणला, तेथे त्या खड्ड्यात पुढे कडबा पडला. पॅनेलचेही तसेच होऊ शकते. त्यावर धूळ बसते, पक्ष्यांची घाण पडते, शेजारचा आंबा वाढून सावली येते. आठ-पंधरा दिवसांनी सकाळी थंड वेळी पाण्याने धुणे एवढेच काम, पण ते कोणीतरी केले पाहिजे. विक्रेत्याकडून पाच वर्षांच्या देखभालीचा करार लेखी घ्यावा. आणि इन्व्हर्टर नावाची पेटी पॅनेलइतकी टिकत नाही. मध्ये एकदा ती बदलावी लागेल, त्यासाठी काही रक्कम बाजूला टाकावी. योजनेच्या नावात मोफत वीज असली, तरी बिलातला स्थिर आकार भरावाच लागतो, हेही ध्यानात असू द्या.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक सुचवतो. सातवी-आठवीच्या मुलांना सरासरी, शेकडेवारी आणि भागाकार आपण शिकवतोच. त्यांना सांगा, घरची बारा महिन्यांची वीजबिले घेऊन या. प्रत्येकाने आपल्या घराची मासिक सरासरी काढावी, त्यावरून किलोवॉट ठरवावेत, अनुदान वजा करावे आणि मुद्दल किती महिन्यांत सुटते ते सांगावे. कोणाचे उत्तर चव्वेचाळीस येईल, कोणाचे एकशे चाळीस. ज्यांचे चव्वेचाळीसच्या आसपास येईल त्यांच्या वडिलांनी बेलाशक पुढे व्हावे. ज्यांचे एकशे चाळीस येईल त्यांची नावे गुरुजींनी किंवा बाईंनी ग्रामसेवकाकडे द्यावीत, कारण राज्याची जादा मदत त्यांच्यासाठीच आहे. त्या घरांची यादी वेळेवर तयार झाली, तर एका वर्गातल्या गणिताने गावातल्या काही घरांचे बिल कायमचे उतरेल.